हुस्नाबानोचं प्रतिमापूजन

बायको जाऊन चाळीस दिवस झाले, हुस्नाबानोचं चाळिसावं होऊन गेलं तरी खालिद सरांच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. कामरगावात लोक म्हणायचे, माणूस मोठा धीराचा. अहो, धीराचा कसला! गोठ्यातल्या खुंट्याला कोणी धीराचा म्हणतं का? तसा झाला होता तो माणूस. सकाळी उठायचे, चहा समोर आला की प्यायचे, मोटारसायकलला किक मारून धनजच्या बाजूच्या एका खेड्यातल्या शाळेत जायचे, अपूर्णांक शिकवायचे, परत यायचे. कोणी विचारलं, "जेवले का सर?" तर त्यांना आठवून पाहावं लागायचं.

एकच गोष्ट त्यांना खात होती आणि ती त्यांनी कोणाला सांगितली नव्हती. बायकोचा चेहरा आठवत नव्हता. मनगटापर्यंत पीठ लागलेले हात आठवायचे. खोकला आठवायचा. भांडण झालं की ती मुद्दाम आपटायची तो कुकर आठवायचा. पण मानेच्या वर गेलं की सगळं कोरं. इतक्या वर्षांचा संसार आणि चेहरा नाही! माणसानं याचं काय करावं?

बरं, फोटो पाहावा तर तोही नाही. तसे त्यांच्या समाजात काय फोटो नसतात? लग्नाचे अल्बम असतात, मोबाइल तर भरून वाहतात. फक्त गेलेल्या माणसाला भिंतीवर टांगून हार-उदबत्ती करायची रीत त्यांच्याकडे नाही. पण हुस्नाबानोचा हट्ट त्याच्याही वरचा. तिला फोटोच आवडायचा नाही, लग्नातही काढू दिला नव्हता. कोणी मोबाइल रोखला की ही दाराआड. शेवटी अकोल्याच्या दवाखान्यात पडली होती, किडन्या गेल्या होत्या, तेव्हा तिनं नवऱ्याचा हात धरून बजावलं होतं, "मेरे बाद मेरा फोटू कहीं रखना नहीं. तुम्हारे स्कूल में देखी मैं, हार चढ़ा कि आदमी मरेलाच दिखता."

खालिद सरांनी जबान दिली आणि पाळलीही. मातीहून परत आल्यावर त्यांनी आपल्या मोबाइलमधले होते नव्हते तेवढे तिचे फोटो पुसले. मग अकरावीतल्या लेकीचा, इफ्राचा मोबाइल मागितला. इफ्रानं चोरून काढलेले दोन-चार होते, तेही पुसले. पोरीनं मोबाइल मुकाट्यानं दिला, मुकाट्यानं परत घेतला आणि कणीक मळायला आत गेली. राहता राहिलं आधार कार्ड. त्याच्यावर फोटोच्या जागी नुसता काळा डाग होता, तो हुस्नाबानोचा म्हणा की आणखी कोणाचा.

आता या खालिद सरांची शाळेतली गोष्ट ऐका. मराठी शाळा, जिल्हा परिषदेची. पोरं सगळ्या घरची: तांड्यावरची बंजाऱ्यांची, बौद्धवाड्यातली, गावातल्या कुणब्यांची, दोन-चार मुसलमानांची. आणि कोणाच्या घरी काय चालतं नि काय चालत नाही, हे खालिद सरांना तोंडपाठ. तांड्यावर तीज बसली, पोरी टोपल्यांत गहू पेरून त्याला पाणी घालायला लागल्या की चाचणी पुढे ढकलायची, हे त्यांनीच सुरू केलं. एकदा एका नव्या गुरुजीनं निबंध दिला, 'माझे आवडते दैवत'. चौथीतला प्रज्वल कोरी वही घेऊन बसला. त्याच्या घरी दैवत हा विषयच नव्हता, बुद्धाला देव म्हटलं तर आजोबा रागवायचे. खालिद सरांनी फळ्यावरचा विषय पुसला आणि लिहिलं, 'माझ्या घरातला आवडता कोपरा'. हा प्रज्वल म्हणजे याच शाळेतल्या पौर्णिमा मॅडमचा मुलगा. तेव्हापासून मॅडम सरांना फार मानायच्या.

तालुक्याच्या प्रशिक्षणातही खालिद सरच बोलायचे. एकच गोष्ट घोळून घोळून सांगायचे, "विचारल्याशिवाय कोणाचं भलं करू नका. आधी विचारा." मास्तर लोक टाळ्या वाजवायचे आणि चहाला पळायचे.

पण या शहाण्या माणसाची एक खोड होती. स्वतःच्या घरचं विचारलं की यांच्या तोंडून एकच शब्द निघायचा, "चालते." ईदच्या दिवशी सहल काढली? चालते. रोजे असताना भर दुपारी वाढदिवसाचा केक हातावर ठेवला? चालते हो, घरी नेतो. एकानं तर 'हॅप्पी मोहरम' म्हणून हात मिळवला. मोहरम शोकाचा, त्याला कोणी हॅप्पी म्हणतं का, बाप्पा? सरांनी हसून 'थँक्यू' म्हटलं. दुसऱ्याच्या घरची नस न् नस ओळखणारा हा माणूस आपल्या घरचं दार नुसतं लोटून ठेवायचा. आत शिरखुर्मा असतो, एवढंच शाळेला माहीत.

चाळिसावं झाल्यावर पौर्णिमा मॅडमचा फोन आला होता.

"सर, वहिनीसाठी शाळेत लहानसा कार्यक्रम करा म्हंतो आमी. चालते ना तुमच्यात? काही वेगळं असन तर सांगा बरं."

विचारलं होतं बिचारीनं. सर सांगायचे तसंच, आधी विचारलं होतं. खालिद सर तेव्हा ओट्यावर बसून समोरच्या भिंतीकडे पाहत होते. कानावर शब्द पडले, आत काही गेलं नाही.

"चालते, मॅडम," ते म्हणाले.

शनिवारची सकाळची शाळा सुटली. पोरं घराकडे पांगली. मुख्याध्यापक गुलाबसिंग राठोड सर स्वतः बोलवायला आले आणि खांद्यावर हात ठेवून सरांना मोठ्या वर्गखोलीत घेऊन गेले. शिक्षक होते, खिचडी शिजवणाऱ्या लिलाबाई होत्या, गावातली चार माणसं होती. सतरंजी अंथरली होती. उदबत्तीचा वास होता. समोर टेबलावर पांढरी चादर, तिच्यावर मेणबत्त्या, ताटात झेंडूची फुलं आणि मधोमध हुस्नाबानो.

फ्रेममध्ये. चांगली हातभर मोठी.

खालिद सर जागच्या जागी थांबले. ती हसत होती. वरचा एक दात किंचित पुढे, तो ओठावर टेकलेला. उजवी भुवई डावीपेक्षा वर. डोक्यावरची ओढणी सरकलेली आणि ती सावरायला हात निघालेला. इतके दिवस कोरी असलेली जागा क्षणात भरून गेली. अरे, हीच की! अशीच तर होती! त्यांना वाटलं, आता छातीत काहीतरी फुटणार. ते वाट पाहत राहिले. काही फुटलं नाही. फक्त पाहत राहावंसं वाटलं. कोणी काही बोलू नये, आपण इथंच उभं राहावं आणि पाहत राहावं, एवढंच.

"सर, हा अश्वजित, माझा भाऊ," पौर्णिमा मॅडम हळूच म्हणाल्या. "कामरगावात स्टुडिओ हाये याचा. सव्वीस जानेवारीले वहिनी पोरांचा नाच पाह्यले आल्या होत्या नं, तवा यानं शूटिंग केली होती. त्याच्यातून काढला. मांगची गर्दी काढून टाकली. लय मेहनत घेतली त्यानं."

अश्वजित संकोचून उभा होता. "चेहरा जरा गोरा आला, सर," तो म्हणाला. "लॅबले पाठवाले टाइम नव्हता, घरच्याच प्रिंटरवर काढला."

मॅडमच्या घरी अशीच रीत. माणूस गेलं की फोटो, मेणबत्ती, फूल, आणि चार माणसांनी त्याच्याबद्दल चांगलं बोलायचं. शाळेचीही रीत तीच. पंधरा ऑगस्ट असो की कोणाची जयंती, आधी प्रतिमापूजन, मग बाकीचं. आणि या शाळेत इतकी वर्षं प्रतिमेला हार घालायचं काम कोणाचं? खालिद सरांचं. उंच माणूस, हात पोचायचा.

"सर, पहिला हार तुमी घाला," राठोड सर म्हणाले आणि हार त्यांच्या हातात दिला.

हातांना काय, सवय होती. हातांनी हाराची गाठ वर घेतली, दोन्ही बाजू सारख्या केल्या. पाय दोन पावलं पुढे गेले. तेवढ्यात दाराशी हालचाल झाली. इफ्रा आली होती. मॅडमनी तिलाही फोन केला होता, कामरगावहून जीपनं यायला तिला उशीर झाला होता. ती दारातच थांबली, ओढणीचं टोक मुठीत धरून टेबलाकडे एकटक पाहत.

खालिद सरांना ती दिसली. पोरगी पाहते आहे. आईला दिलेली जबान हिला माहीत आहे. हिच्या हातातून मोबाइल घेऊन आपण फोटो पुसले आणि आता हार घेऊन उभे आहोत. हार घातला तर हुस्नाबानोचा शब्द गेला, तोही तिच्या लेकीसमोर. नाही घातला तर या लोकांचं काय? पौर्णिमा मॅडमनी अकोल्याला येऊन रक्त दिलं होतं. लिलाबाईंनी दवाखान्यात डबे पोचवले होते. राठोड सरांनी सुट्टीबद्दल कधी ब्र काढला नव्हता. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे, नाही म्हटलं तर हा चेहराही गेला. तो आत्ता कुठं सापडला होता.

हार हातात तसाच राहिला. मागं कोणीतरी खाकरलं.

"नाही," खालिद सर म्हणाले.

आवाज इतका बारीक होता की राठोड सरांना वाटलं, हार तुटला की काय. "काय झालं, सर?"

"हे आमच्यात चालत नाही." त्यांनी हार ताटात ठेवला. "आमच्यात गेलेल्या माणसाच्या फोटोले हार नसतो घालत. आणि तिले तर फोटोच नको होता. मले सांगून गेली होती ते. मी कबूल केलं होतं."

पौर्णिमा मॅडमचं तोंड एवढंसं झालं. मग ते लाल झालं.

"मी तुमाले फोन केला होता, सर," त्या म्हणाल्या. "मी विचारलं होतं."

"विचारलं होतं."

"तुमी चालते म्हनले."

"म्हनलं."

"मंग आमी काय करा, सांगा!" त्यांचा आवाज चिरकला. "इतके वर्षं तुमी आमच्या घरचं सगळं विचारून राह्यले. कोणाच्या घरी काय खातात, कोणाच्या घरी काय पाळतात. आमाले किती बरं वाटे. आमी काई विचारलं का तुमचं आपलं चालते! सगळंच चालते! आमाले काई शिकूच नाही देल्लं तुमी, सर. अन् आता सगळ्यायसमोर सांगता, चुकलं म्हून."

"तुमचं नाही चुकलं, मॅडम. माझं चुकलं."

हे म्हणताना सरांना लाज वाटायला हवी होती. वाटलीही असेल, पण ती लांबून कुठून तरी, जाड गोधडीतून लागावी तशी.

लिलाबाईंनी पुढं होऊन मेणबत्त्या विझवल्या. बाईचं लक्ष बरोबर असतं. अश्वजितनं मोबाइल काढला, काही न विचारता फोटो पुसला आणि दाखवला. "शूटिंगमधलं तेवढं घरी जाऊन पुसून टाकतो, सर," तो म्हणाला. मग फ्रेम पालथी घालून मागचे खिळे वाकवले आणि आतला कागद बाहेर काढला. कोणाच्याही हातात तो राहीना. हार घालायचा नाही हे कळलं, पण त्या कागदाचं करायचं काय? फाडावा तर कोणाचा हात धजावणार?

"पाण्यात सोडा लागते का?" राठोड सरांनी दबकत विचारलं.

"नाही. मातीत ठेवू," खालिद सर म्हणाले.

"मंग सांगा कसं ते," पौर्णिमा मॅडम म्हणाल्या. डोळे पुसत होत्या, पण घुश्श्यातच होत्या. "आता नीट सांगा. चालते नका म्हनू."

आणि खालिद सरांनी सांगितलं. सगळ्या तालुक्याला दुसऱ्यांच्या रीती शिकवणारा माणूस आयुष्यात पहिल्यांदा आपली रीत सांगत होता. आमच्यात माणूस मातीत ठेवला की प्रत्येक जण तीन ओंजळी माती देतो. त्याला मिट्टी देणं म्हणतात. मग कबरीवर पाणी शिंपडतात. नंतर हात वर करून दुआ मागायची, मनातल्या मनात, ज्याला जशी येईल तशी. कबरस्तानात बाया येत नाहीत, म्हणून तुम्हाला मॅडम, लिलाबाईंना, तिकडे येता आलं नाही. बस, एवढंच असतं.

शाळेच्या मागं पोरांनी परसबाग केली होती, मेथी-पालकाचे वाफे. कडेच्या मोकळ्या जागेत अश्वजितनं खुरप्यानं खड्डा केला. खालिद सरांनी कागद चेहरा आत करून दुमडला. दुमडताना शेवटचं एकदा पाहावं असं वाटलं, पण इफ्रा शेजारी येऊन उभी होती, म्हणून पाहिलं नाही. कागद खड्ड्यात ठेवला. आधी त्यांनी माती दिली. मग इफ्रानं. मग राठोड सरांनी, बूट काढून. लिलाबाई माती देताना म्हणाल्या, "जा बाई, सुखी राह्य." पौर्णिमा मॅडमनी तिन्ही ओंजळी दिल्या आणि बराच वेळ तिथंच बसून राहिल्या. सरांनी झारीनं पाणी घातलं, कडेकडेनं, सगळी माती चांगली भिजेपर्यंत. सगळ्यांनी हात वर केले. कोणाचे हात छातीशी, कोणाचे पार डोक्याशी. राठोड सरांनी तर जोडलेच, मग इकडं तिकडं पाहून सुटे केले.

दुआ झाल्या झाल्या अश्वजित कामरगावला निघून गेला. थोड्या वेळानं सर निघाले तेव्हा मॅडम म्हणाल्या, "सोमवारी या, सर. वहिनीबद्दल मले बोलाचं होतं, भाषण तयार केलं होतं. तुमालेच ऐकवतो." राग अर्धा उतरला होता.

खालिद सरांनी मोटारसायकल काढली. इफ्रा मागं बसली. डांबरी रस्ता, दोन्ही बाजूंनी तूर उभी, वर ऊन. सरांच्या अंगातला बधिरपणा तसाच होता, पण त्यात थोडं समाधान होतं, काम नीट झाल्याचं. शब्द राखला. लोकांनाही खरं सांगितलं. पोरगीसुद्धा खूश असेल, त्यांना वाटलं. आईचं ऐकलं अब्बांनी.

"अच्छा हुआ ना, बेटा?" त्यांनी मान न वळवता विचारलं.

बरंच अंतर गेल्यावर इफ्राचा आवाज आला, वाऱ्यात अर्धा उडालेला.

"अब्बा, फोटू में अम्मी कैसी दिखती थी?"

"मतलब? देखी ना तूने. दरवाजे से देख रही थी."

"दरवाजे से कांच पे खिडकी का उजालाच दिखता था. मैं सरक सरक के देखी. फिर भैया ने उलटा कर दिया. मेरे को अम्मी दिखीच नहीं."

खालिद सरांनी ब्रेक दाबला. गाडी रस्त्याच्या कडेला मुरमात जाऊन थांबली.

"मेरे को उसका मुँह याद नहीं आता, अब्बा," इफ्रा म्हणाली. "कब से नहीं आता. मैं सोची, आज दिखेगी."

त्यांना आधी वाटलं, गाडी फिरवावी. परत जावं, माती उकरावी. मग आठवलं, झारी त्यांनीच रिकामी केली होती. घरच्या प्रिंटरवरची शाई ती. आतापर्यंत ओल्या मातीत काय राहिलं असणार! अश्वजितला फोन लावावा तर तो पोरगा सांगितलेलं काम आधी करणारा, घरी पोचल्या पोचल्या पुसून मोकळा झाला असेल. तरी लावला. अश्वजित म्हणाला, "काळजी नका करू सर, झालं काम. काहीच नाही ठेवलं." त्याच्या आवाजात सांत्वन होतं.

सरांनी फोन खिशात ठेवला. सांगू या, त्यांना वाटलं. आपण पाहिलं आहे, आपण सांगू. "हंस रही थी," ते म्हणाले. "एक दांत... वो सामने का..." पुढं शब्द येईनात. दात येत होता, भुवई येत होती, ओढणीकडे निघालेला हात येत होता, सगळं सुटं सुटं येत होतं, आणि त्यातून पोरीला आई काही करून देता येत नव्हती.

"तेरे को पूछना था," ते म्हणाले. "मोबाइल लेते वखत तेरे कोच पूछना था, बेटा."

आणि मग ते रडले. कामरगावच्या रस्त्यावर, भर उन्हात, येणाऱ्या-जाणाऱ्या जीपांसमोर, मोठ्यानं, तोंड न झाकता, लहान पोरासारखे. मांड्यांमधली गाडी कलंडायला लागली तशी इफ्रानं खाली उडी मारली आणि एका हातानं हँडल धरलं, दुसऱ्या हातानं बापाला.